नोंद घेण्यासारखं काही नाही

नाना उबाळे भर रस्त्यात पडले ते डिसेंबरातल्या एका सकाळी, आणि त्यांना पडताना अकरा गाड्यांनी पाहिलं.

कासारपेठेत तेव्हा उसाचा हंगाम जोरात होता. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांमधून गळलेलं पाचट रस्त्यावर साचलं होतं आणि त्यावर रात्रीचं दव. नाना रोजच्यासारखे बंद सूतगिरणीसमोरचा मोठा रस्ता ओलांडून वाचनालयात निघाले होते. उजव्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचा उजवा पाय बाहेरून अर्धगोल फिरून पुढे यायचा आणि त्याच वेळी डाव्या हातातली काठी टेकायची. रस्त्याच्या मध्यावर ती काठी पाचटावरून सटकली आणि नाना आडवे झाले. अकरा गाड्यांनी करकचून ब्रेक लावले. एकीचा बंपर दुसरीला लागला नाही. एका रिक्षावाल्यानं त्यांना उठवलं, चष्मा शोधून दिला. कोपर तेवढं खरचटलं होतं.

"दहा वर्षांपूर्वी असा पडलो असतो तर तिथंच आटोपलं असतं माझं," संध्याकाळी ते लेकीला म्हणाले. "तुझ्या दिव्यांनी वाचवलं हो, रेवे."

रेवती हसली. ती शहराच्या दीपकक्षात तंत्रज्ञ होती. शहरातले शेहेचाळीस बोलके खांब तिच्या ताब्यात होते. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, रेवतीचं लग्न त्याआधीच मोडलं होतं, आणि घरात हे बापलेक दोघंच. नाना गिरणीत जॉबर होते, यंत्रं नीट राखणारे. यंत्राचा आवाज बदलला की कुठला दाता झिजलाय हे ते डोळे मिटून सांगायचे. त्यामुळे दिवे बोलतात म्हणजे नेमकं काय, हे त्यांनी लेकीकडून तीनतीनदा समजावून घेतलं होतं.

गोष्ट तशी साधी होती. एलईडीचा दिवा सेकंदाला लाखो वेळा विझवून पेटवता येतो. माणसाच्या डोळ्याला ते कळतच नाही, त्याला दिवा शांत जळताना दिसतो. पण समोर प्रकाश टिपणारा चिमुकला संवेदक असेल तर त्याला ती उघडझाप वाचता येते, पूर्वी तारघरात कडकट्ट वाचायचे तशी. मग हेडलाइट पुढच्या गाडीला सांगतो, टेललाइट मागच्या गाडीला सांगतो आणि सिग्नलचा खांब सगळ्यांना सांगतो: पुढे खड्डा आहे, पुढे ट्रॉली वळतेय, पुढे माणूस आहे. रेडिओच्या लहरी गर्दीत एकमेकींत मिसळतात आणि लांब बसलेला कुणीही त्यांत घुसू शकतो. प्रकाश मात्र जिथवर दिसतो तिथवरच जातो. म्हणून सरकारनं सक्ती केली. कारपासून उसाच्या ट्रॅक्टरपर्यंत प्रत्येक वाहनाला बोलके दिवे आले आणि ब्रेकचा शेवटचा हक्क ड्रायव्हरकडून गाडीकडे गेला. अपघात निम्म्याहून खाली आले.

एक काळजी मात्र कायद्यानं घेतली होती. रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा साठवायचा नाही, पाठवायचा नाही. त्यामुळे गाड्या माणसाला त्याच्या चालीवरून ओळखत. पाऊल किती लांब, पाय कसा उचलतो, हात कसा हलतो, याची एक छोटी खूण बनायची आणि दिव्यादिव्यांतून पुढे जायची. त्या सकाळी अकरा गाड्यांनी अशीच एक खूण पुढे पाठवली. सोबत दोनच शब्द होते: 'अचानक पडतो.'

*

"काल काय झालं माहितीये?" पंधरा दिवसांनी जेवताना नाना सांगत होते. "मी नुसता फुटपाथच्या कडेला उभा राहिलो. तर बस थांबली. कुठे? चाळीस पावलं अलीकडे! तिच्यामागे सगळी रांग. मी आपला राजासारखा रस्ता ओलांडला."

रेवतीलाही गंमत वाटली. पण पुढच्या आठवड्यात ते दवाखान्यातून पायी आले, दोन किलोमीटर, खुबा धरून.

"रिक्षा नाही केली?"

"तीन थांबवल्या. जवळच येत नाहीत. ड्रायव्हर बिचारा म्हणतो, काका, मी आणतोय पण गाडी ऐकत नाही. लांबून वळसा घालून जातात. बससुद्धा स्टॉपवर थांबली नाही. आत बसलेली माणसं माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी केल्यासारखी."

दुसऱ्या दिवशी रेवतीनं सूतगिरणीच्या खांबाला आपलं तपासयंत्र जोडलं आणि दिवसभरात ऐकलेले संदेश चाळले. नानांची खूण सापडायला वेळ लागला नाही. त्या खुणेपुढे साक्षीदारांचा आकडा असतो. तो अकरा असायला हवा होता.

तो चार लाख बारा हजार होता.

ती तिथंच खांबाला टेकून उभी राहिली. चूक तिच्या लगेच लक्षात आली आणि इतकी बाळबोध चूक इतकी वर्षं कुणाला दिसू नये याचं तिला नवल वाटलं. गाडी एखादी गोष्ट स्वतः पाहते तेव्हा ती साक्षीदार. पण नुसतं ऐकून पुढे सांगणारीही साक्षीदारच धरली जात होती. ऐकीव बोलणं गावभर फिरून परत येतं तेव्हा ज्यानं ते सुरू केलं त्यालाही ते खरं वाटायला लागतं, तसं. जितके साक्षीदार जास्त तितका गाडीचा विश्वास जास्त, आणि विश्वास जितका जास्त तितकी ती आणखी लांब थांबणार.

तिनं लक्षदीप कंपनीला फोन लावला. खांब त्यांचे होते. केळुसकर नावाच्या अभियंत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण हा संदेश पुसायचा कुठून? तो आमच्या कुठल्या यंत्रात ठेवलेला नाही. तो गाड्यांच्या दिव्यांत फिरतोय. एका गाडीतून काढला तर शेजारची परत सांगेल."

"म्हणजे काहीच करता येणार नाही?"

"बघतो," केळुसकर म्हणाला.

*

फेब्रुवारीतल्या एका सकाळी अकराच्या सुमाराला नाना भाजी घेऊन परत येत होते. रस्ता अर्धा ओलांडून ते दुभाजकावर दम खायला थांबले. दोन्हीकडच्या गाड्या थिजल्या होत्या. नाना पुढे पाऊल टाकायला गेले तशा दोन-चार गाड्या घाबरून मागे सरकल्या आणि मागच्यांचे हॉर्न सुरू झाले. माणसं खिडक्यांतून डोकी काढून ओरडू लागली. एवढ्या ओरड्यात नानांचे पाय गोठले. उतरावं तर लोक ओरडतात, उभं राहावं तरी ओरडतात. काठी घट्ट धरून ते तिथंच उभे राहिले आणि त्यांच्याभोवती अख्खा चौक उभा राहिला.

त्या रांगेत लांब मागे एक अँब्युलन्स होती. तीही गाडीच. तिचे दिवेही हेच ऐकत होते. सतरा मिनिटांनी एका पोलिसानं नानांना हाताला धरून पलीकडे नेलं तेव्हा चौक हलला.

अँब्युलन्समध्ये त्यांच्याच गल्लीतले प्रभाकर गवंडी होते. हार्ट अटॅक. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला रेवती आणि नाना गवंड्यांच्या फाटकापर्यंत गेले. आत जायचा धीर झाला नाही. गवंडींच्या पत्नी शैलाताई स्वतःच बाहेर आल्या. पांढऱ्याफटक दिसत होत्या.

"नाना, माझा तुमच्यावर राग नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आता बाहेर पडू नका. एवढं करा."

नानांनी मान हलवली. त्या दिवसापासून ते घराबाहेर पडले नाहीत.

वाचनालयातून रेवती पुस्तकं आणायची, ती तशीच परत जायची. पाय आखडू नये म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, तर नाना पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. एका दुपारी रेवती जेवायला घरी आली तर ते खिडकीशी उभे होते.

"इकडे ये. बघ."

गल्लीतून दुधाची व्हॅन येत होती. नानांनी खिडकीसमोरून चार पावलं टाकली. व्हॅन थांबली. ते मागे सरले, व्हॅन हलली. ते पुन्हा पुढे आले, व्हॅन पुन्हा थांबली, आणि ड्रायव्हर वैतागून स्टिअरिंगवर हात आपटायला लागला.

"घरातसुद्धा," नाना म्हणाले, आणि त्यांनी पडदा ओढून घेतला.

मग ते खोलीतसुद्धा चालेनासे झाले. दिवसभर खुर्चीत. महिनाभरात त्यांचे गाल बसले, बोलणं हो-नाहीवर आलं. एकदा रेवतीला त्यांनी विचारलं, "गवंडीसाहेबांचं वय काय होतं गं?" आणि स्वतःच म्हणाले, "माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान."

*

मार्चमध्ये केळुसकर स्वतः कासारपेठेत आला. तिशीतला, नीटनेटका, बोलायला मऊ. दीपकक्षातल्या टेबलावर चहाचा कप ठेवून त्यानं उपाय सांगितला.

"गाड्यांचं ऐकीव साक्षीदारांच्या जोरावर चालतं, बरोबर? पण खांबाचा संदेश गाडी सगळ्यांत वरचा मानते. खांबानं सांगितलं की रस्ता बंद, तर रस्ता बंद. तर आपण खांबावरून एक संदेश सोडू. खूण तुमच्या वडिलांचीच. सोबतचं वाक्य: 'नोंद घेण्यासारखं काही नाही.' गाड्या तो एकमेकींना सांगतील, आणि जशी भीती पसरली तशीच ती उतरेल."

रेवतीनं थोडा विचार केला.

"पण गाड्यांना नाना दिसतील ना?"

"दिसणारच. प्रत्येक गाडीला स्वतःचा कॅमेरा आहे. माणूस समोर आला की ती थांबणार. आपण फक्त अफवा पुसतोय."

"याची चाचणी झालीये?"

केळुसकरनं कप उचलला, त्यात पाहिलं आणि परत ठेवला. "मॅडम, अशी दुसरी केसच नाही. चाचणी घेणार कुणावर? वरिष्ठांकडे फाइल पाठवली तर सहा महिने जातील. खांबावरच्या संदेशाला स्थानिक तंत्रज्ञाची सही लागते. ती तुमच्याकडे आहे. करायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

सहीची किल्ली तिच्या तपासयंत्रात होती. खुर्चीत बसलेले, पडद्याकडे तोंड केलेले नाना तिच्या डोळ्यांसमोर आले. सहा महिने हे असे निघणार नाहीत, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

तिनं बटण दाबलं. सूतगिरणीचा खांब पूर्वीसारखाच शांत जळत राहिला.

नानांना ती एवढंच म्हणाली, "कंपनीनं दुरुस्ती केलीये. चला, जाऊन बघू."

पहिल्या दिवशी गाड्या तीस पावलांवर थांबल्या. चौथ्या दिवशी दहावर. आठव्या दिवशी एक रिक्षा येऊन अगदी नानांच्या पायाशी उभी राहिली आणि ड्रायव्हर म्हणाला, "कुठं जायचं, काका?" नानांना कुठंच जायचं नव्हतं, पण ते बसले आणि शहराला एक चक्कर मारून आले. रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या. झोपताना वाचायला पुस्तक मागितलं. रेवतीनं केळुसकरला आभाराचा निरोप पाठवला.

*

एप्रिलच्या सुरुवातीला नाना डावी बाही फाटलेला सदरा घालून घरी आले.

"आरसा लागला गाडीचा. दंडाला."

"थांबली नाही?"

"थांबली नाही, हॉर्न नाही, काही नाही. आत माणूस मोबाइल बघत होता. मला वाटलं, गाडी बिघडली असेल." त्यांनी बाहीतून बोट घातलं. "रेवे, गाडी बिघडली की तिचा आवाज बदलतो. हिचा आवाज अगदी छान होता."

त्याच आठवड्यात बातम्या आल्या, एका ओळीच्या, आतल्या पानावरच्या. शेजारच्या जिल्ह्यात एक निवृत्त पोस्टमन, गाडीखाली. सीमेपलीकडच्या एका गावात काठी घेऊन चालणारी बाई. पुण्याच्या बाहेर बायपासवर एक वयस्कर गृहस्थ, नुकतीच खुब्याची शस्त्रक्रिया झालेले. तिसरी बातमी वाचताना रेवतीनं ताट बाजूला सारलं.

ती तशीच उठून खांबापाशी गेली. संदेश सापडला. साक्षीदार नऊ लाखांच्या वर. पण तो संदेश आता तिनं सोडलेला राहिला नव्हता. रस्त्यावर वेळ कमी असतो, म्हणून गाड्या एकमेकींना सांगताना संदेश आखूड करत जातात. नानांच्या खुणेतले बारकावे, पावलाची लांबी, खांद्याचा कल, डोक्याची ठेवण, हे सगळं हातोहाती झिजून गेलं होतं. उरलं होतं एवढंच: बाहेरून फिरणारा एक पाय आणि उलट्या हातातली काठी. म्हणजे खुबा बदललेला कुणीही. अर्धांगाच्या झटक्यातून उठलेला कुणीही.

आणि वाक्यही झिजलं होतं. 'नोंद घेण्यासारखं काही नाही' यातलं 'नोंद घेण्यासारखं' कुठल्याशा ट्रॉलीच्या, कुठल्याशा कारच्या दिव्यात गळून पडलं होतं. राहिलं होतं: 'काही नाही.'

गाडीच्या कॅमेऱ्याला एका क्षणात शेकडो हलत्या वस्तू दिसतात. झाडाच्या सावल्या, उडणारे कागद, धूर. प्रत्येकीसाठी ती थांबायला लागली तर हलणारच नाही. म्हणून काय सोडून द्यायचं हे ती रस्त्याला विचारते. अख्खा रस्ता एकमुखानं सांगत असेल की हे काही नाही, तर ती त्या आकृतीला सावल्यांत आणि कागदांत टाकते आणि पुढे जाते.

रेवतीला हे कळत होतं, पण खरं वाटत नव्हतं. दुपारी तीन वाजता नाना झोपले असताना तिनं त्यांची काठी उचलली आणि शहराबाहेरच्या रिकाम्या वळणरस्त्यावर गेली. दोन्हीकडे तोडलेल्या उसाची रानं, मध्ये सरळ डांबरी रस्ता. ती उजव्या कडेनं रस्त्यावर उतरली. काठी डाव्या हातात घेतली, उजवा पाय बाहेरून फिरवला. लहानपणापासून जो माणूस रोज पाहिला त्याची चाल उचलायला तिला कष्ट पडले नाहीत.

समोरून एक निळी कार आली. रेवती चालत राहिली. कारचा वेग कमी झाला नाही. पन्नास पावलं. वीस. दहा पावलांवर तिनं कडेच्या मातीत अंग टाकलं आणि तिची ओढणी गाडीच्या वाऱ्यानं ओढली गेली. कार तशीच, सरळ, गुणगुणत निघून गेली.

गुडघे फुटले होते. ती उठली. दुसरी गाडी येत होती, टेम्पो. ती पुन्हा तशीच चालू लागली, काठी टेकत, पाय फिरवत. टेम्पो येतच राहिला. मग तिनं काठी वर उचलली आणि ताठ होऊन दोन पावलं स्वतःची टाकली.

टायर किंचाळले. टेम्पो तिच्यापासून हातभरावर थांबला आणि आतला माणूस काचेवर आपटता आपटता वाचला.

"अहो बाई, आलात कुठून?" तो ओरडला. "गाडी रस्ता मोकळा म्हणत होती की आत्ता!"

*

"परत घ्या तो," रेवती फोनवर म्हणाली. "आत्ताच्या आत्ता परत घ्या."

"मी कालच पाहिलं," केळुसकर म्हणाला. "तिसरा संदेश सोडला तर खांबासमोरच्या गाड्या तो मानतील. पण चार गावं पुढे गेला की तो ऐकीव होतो. तिथं तो एक साक्षीदार. समोर नऊ लाख. पहिली भीती तुमच्या शहरापुरती होती, हे सगळीकडे पोचलंय."

"मग सगळे दिवे बंद करा."

"देशातल्या सगळ्या गाड्यांचे? मॅडम, कंपनीचं म्हणणं आहे की या अपघातांचा एकमेकांशी संबंध सिद्ध झालेला नाही. मलाही तेच म्हणायला सांगितलंय." त्याचा आवाज खाली गेला. "माफ करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता रेवतीनं शहरातले शेहेचाळीसही खांब एकामागून एक बंद केले. खांब मुके झाले की गाड्यांनी पायी चालण्याच्या वेगानं जायचं, असा नियम यंत्रणेतच होता. कासारपेठ तीन तास रांगत होती. त्या तीन तासांत रेवती शहरभर हिंडून काठीवाल्या माणसांना सांगत होती, घरी जा, एकट्यानं बाहेर पडू नका. काहींनी ऐकलं, काहींना ती वेडी वाटली. नवाच्या सुमाराला दीपकक्षातल्या लोकांनी खांब परत पेटवले. नसते पेटले तरी काय होणार होतं, हे तिला ठाऊक होतं. बाहेरगावाहून येणारी प्रत्येक ट्रॉली तेच वाक्य घेऊन आत येत होती.

दुपारी दीपकक्षाचा अधिकारी आणि दोन पोलीस घरी आले. रेवतीला कामावरून कमी केल्याचा कागद अधिकाऱ्यानं नानांच्या समोरच वाचला. खांब बंद करणं हा एक आरोप होता. दुसरा त्याच्या खाली होता: परवानगीशिवाय, स्वतःच्या सहीनं, अमुक तारखेला, अमुक खुणेबाबत संदेश प्रसारित केला.

माणसं गेली. नाना खुर्चीत बसून होते.

"कंपनीनं दुरुस्ती केली म्हणालीस."

"हो."

"तू केलीस."

"तुम्ही खुर्चीतून उठत नव्हतात, नाना." मग तिनं सगळं सांगितलं, झिजलेला संदेश आणि न थांबणाऱ्या गाड्यासुद्धा.

"किती माणसं गेली?"

"मला माहीत असलेली तीन."

नाना त्या रात्री जेवले नाहीत. तिनं दोनदा हाक मारली, त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही.

सकाळी ती स्वयंपाकघरात होती. चहा घेऊन पुढच्या खोलीत आली तर खुर्ची रिकामी, दार उघडं. कप कुठं ठेवला ते तिला आठवलं नाही. चपला न घालताच ती धावली.

नाना सूतगिरणीसमोर फुटपाथच्या कडेवर उभे होते. धोतराचा सोगा नीट खोचलेला, इस्त्रीचा सदरा. रस्त्यावर गाड्या आपल्या वेगात होत्या. तिनं हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, आणि मग काठी टेकून खाली उतरले.

पांढरी गाडी होती. नानांसाठी तिनं वेग किंचितही कमी केला नाही. रेवती त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, दोन्ही हात पसरून. ब्रेक लागले. बंपर तिच्या गुडघ्याला टेकला आणि तिथं थांबला.

"मला बघायचं होतं," नाना म्हणाले. त्यांचा श्वास वर आला होता. "तू सांगितलंस ते खरं का ते."

"नाना, चला मागे."

"माझ्यासाठी नाही थांबली ती."

"नाही."

"तुझ्यासाठी थांबली."

रेवतीला रडू आवरेना. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. महिन्याभरात पहिल्यांदा तो हात तिला जड लागला, पूर्वीसारखा.

"रडू नकोस. मला बसवून ठेवलं असतंस तर मी असाही गेलोच असतो. पण आता तुलाच चालावं लागेल माझ्याबरोबर. चल. वाचनालय उघडलं असेल."

ती गाड्यांच्या बाजूनं झाली, त्यांचा दंड धरला. गाड्या थांबत गेल्या. दुभाजकावर दोघं क्षणभर थांबले. इथून पुढे गाड्या दुसऱ्या बाजूनं येणार, म्हणून तिनं बाजू बदलली.

तेव्हा तिला समोरच्या फुटपाथवर एक म्हातारी दिसली. ओळखीची नव्हती, बाहेरगावची असावी. खांद्याला कापडी पिशवी, डाव्या हातात काठी. ती रस्त्यावर उतरली, आणि तिचा उजवा पाय बाहेरून अर्धगोल फिरून पुढे आला.

"मावशी, थांबा!" रेवती ओरडली. वाहनांच्या आवाजात ते विरून गेलं.

"इथून हलू नका," ती नानांना म्हणाली, आणि त्यांचा हात सोडून पळत सुटली. एक गाडी तिच्यासाठी थांबली, दुसरी थांबली, तिसरीच्या पुढ्यातून तिनं म्हातारीला कवेत घेऊन फुटपाथवर ओढलं.

म्हातारीनं तिला झटकलं. "काय गं, अंगावर काय येतेस? म्हातारं माणूस बघून थांबतात की गाड्या."

रेवतीनं मागे वळून पाहिलं. दोन्ही बाजूंनी गाड्या पुन्हा वाहायला लागल्या होत्या. भर उन्हात त्यांचे दिवे पेटलेले होते, स्थिर आणि शांत. मध्ये दुभाजकावर नाना एकटे उभे होते, आणि उतरण्यासाठी काठी पुढे टाकत होते.